संकटकाळात देवाची स्तुती कशी करावी: गाऱ्हाण्यापासून गीतापर्यंत

घरात मोठे आजारपण येते, नोकरी जाते, हाताशी आलेल्या बागेवर गारा पडतात किंवा घरातले माणूस दगावते. अशा वेळी मंडळीत (चर्चमध्ये) एक सल्ला हमखास मिळतो : "प्रभूची स्तुती करा, सगळे ठीक होईल." यातला पहिला अर्धा भाग पवित्र शास्त्राला (बायबलला) धरून आहे. दुसऱ्या अर्ध्याची हमी शास्त्राने कुठेच दिलेली नाही. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते आणि भूकंप होऊन दारे उघडली, हे खरे (प्रेषितांची कृत्ये १६). पण त्याच पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला (२ करिंथ १२). तेव्हा स्तुती म्हणजे दार उघडण्याची किल्ली, असे समजून सुरुवात केली तर महिन्याभरात निराशा पदरी पडते.

राहिला पहिला अर्धा भाग. तो पाळायचा कसा, हे फारसे कोणी सांगत नाही. गळा दाटून आलेला असताना गायचे कसे? मनात राग खदखदत असताना 'तू चांगला आहेस' म्हणणे म्हणजे देवापुढे नाटकच की!

याचे उत्तर स्तोत्रसंहितेच्या घडणीतच आहे. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत आणि बहुतेकांचा क्रम ठरलेला आहे : आधी गाऱ्हाणे, मग मागणे, मग जुन्या उपकारांची आठवण आणि शेवटी स्तुती. आपल्याकडे पहिल्या तिन्ही गोष्टी गाळून लोक थेट चौथीवर उडी मारतात आणि मग 'मनापासून येत नाही' म्हणून स्वतःलाच दोष देत बसतात. खालची पद्धत या क्रमानेच जाते. सगळे मिळून रोज वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पवित्र शास्त्र, शंभर पानी वही, पेन आणि घरात असेल ते गीतपुस्तक एवढे सामान पुरते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. 'आता पेशंट कसा आहे?' हे नातेवाइकांचे मेसेज नेमके त्याच वेळी येतात.

आधी अंगाकडे बघा

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला ना उपदेश केला ना गाणे शिकवले. भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खाऊ घातले (१ राजे १९). सिव्हिलमध्ये रात्रभर बाकावर बसून सकाळी घरी आलेल्या माणसाने आधी आंघोळ करावी, पोळीभाजी खावी, दोन तास झोपावे. प्रार्थना त्यानंतर. उपाशी आणि जागरण झालेल्या माणसाला देव दूर गेल्यासारखा वाटतो तो पुष्कळदा थकव्यामुळे; त्याला अविश्वासाचे नाव देऊ नये.

वेळ आणि जागा ठरवून टाका. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पाळ्यांत काम करणाऱ्यांना 'पहाटे पाचला' हा सरसकट नियम जमत नाही. रात्रपाळीहून आल्यावर झोपण्याआधी बसलात तरी चालेल, फक्त आठवडाभर तीच वेळ पाळा. पाळी बदलली की वेळ बदला. एका खोलीच्या घरात जागा म्हणजे एक ठरलेली खुर्ची किंवा चटई, इतकेच.

गाऱ्हाणे लिहा : सात मिनिटे

याला सर्वांत जास्त जागा देतो आहोत, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे.

नमुना म्हणून स्तोत्र १३ घ्या. अवघी सहा वचने. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो : तू मला कोठवर विसरणार, मुख कोठवर लपवणार, मी मनात कोठवर घोळत राहू, शत्रू कोठवर वरचढ होणार. पुढच्या दोन वचनांत मागणे आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा आणि गीत. स्तोत्र एकदा मोठ्याने वाचा आणि वहीत पहिल्या दोन वचनांच्या जागी तुमची स्वतःची वाक्ये लिहा.

लोक इथे मोघम लिहितात : "प्रभू, मी फार अडचणीत आहे, मला सामर्थ्य दे." हे गाऱ्हाणे झाले नाही, अर्जाचा मथळा झाला. समजा, अंबडच्या एका मशीन ऑपरेटरला ठेकेदाराने ब्रेक दिला आहे, म्हणजे कामावरून बसवले आहे. त्याने असे लिहावे :

"प्रभू, ब्रेक मिळून तिसरा आठवडा चालू आहे. ठेकेदार फोन उचलत नाही. पाच तारखेला घराचा हप्ता जायचा आहे. मुलीची फी राहिली आहे आणि ती काहीच विचारत नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. बायको मंडळीत कोणाला सांगू नका म्हणते. तू गप्प आहेस. कोठवर?"

तारीख, माणूस, रक्कम, भीती हे सगळे नावानिशी यायला हवे. देवाला माहीत नाही म्हणून हे सांगायचे नसते. मोघम दुःखाला उत्तरही मोघमच मिळते आणि उद्या त्यातले काय बदलले, हे ओळखता येत नाही.

देवावरच राग असेल तर तोही लिहा. यिर्मयाने तर 'तू मला फसवलेस' असे तोंडावर म्हटले आहे (यिर्मया २०:७). ईयोबाने देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा केली आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्याच्या धर्मनिष्ठ मित्रांवर, 'तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत' म्हणून (ईयोब ४२:७). हबक्कूकाच्या पुस्तकाचे तीन अध्याय आहेत. स्तुतीचे जे वचन आपण शोकसभेत वाचतो ते तिसऱ्याच्या शेवटी येते. पहिला अध्याय सुरू होतो तो 'मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस?' अशा सवालाने.

मात्र घड्याळ लावा. सात मिनिटे झाली की पेन खाली. मर्यादा नसेल तर माणूस तेच तेच उगाळत बसतो आणि उठताना आधीपेक्षा जड होऊन उठतो. राहिलेले उद्या लिहिता येते. आणि ही पाने कोणाला दाखवायची नाहीत, पाळकसाहेबांनाही नाही. दाखवायची आहेत म्हटल्यावर लिहिणारा आपोआप शहाण्यासारखा लिहायला लागतो.

मागणे : आजपुरते, एकच

दोन मिनिटे पुरतात. गाऱ्हाण्यातली एक ओळ निवडा आणि तिच्याविषयी आजच्या दिवसापुरते मागा. "आज ठेकेदाराने फोन उचलू दे, आणि नाही उचलला तर दुसऱ्या दोन ठिकाणी जायची लाज माझ्या मनातून काढ." यहूदाचा राजा यहोशाफाट याने तीन राष्ट्रांचे सैन्य चालून आले तेव्हा उघड्यावर, बायकामुलांसमोर कबूल केले की काय करावे ते आम्हाला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत (२ इतिहास २०:१२). गायकांना सैन्यापुढे चालवण्याची प्रसिद्ध गोष्ट याच अध्यायात आहे, पण नऊ वचने पुढे. 'आम्हाला सुचत नाही' हे आधी आले होते.

उपकारस्मरण : वहीच्या मागच्या पानापासून

वही उलटी करा आणि मागून लिहायला लागा. यहोशवाने यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून आणायला लावले, ते पुढच्या पिढीने 'हे कसले धोंडे?' असे विचारावे म्हणून (यहोशवा ४). ही मागची पाने म्हणजे तुमचे धोंडे. पहिल्या दिवशी पाच नोंदी करा, नंतर रोज एक.

नोंदीत वर्ष आणि घटना हवी. "देवाने नेहमीच सांभाळले" ही नोंद नव्हे. "२०२० च्या टाळेबंदीत पगार नव्हता, तेव्हा वाण्याने दोन महिने वही चालवली", ही नोंद. तीन नोंदी स्वतःच्या, एक शास्त्रातली, एक आपल्या मंडळीच्या इतिहासातली, अशी सुरुवात बरी पडते. मंडळीच्या इतिहासाची नाशिककरांना तरी वाण नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली शरणपूर वसवले. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे राहिली, शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. आज शरणपूर रोडवरच्या वाहतुकीत अडकलेल्या माणसाला त्या मुलांनी काय भोगले असेल याची कल्पना येणार नाही, पण देवाचे स्मरण करताना त्यांची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

इथे एक चूक सर्रास होते. "निदान शेजाऱ्यांसारखी वेळ तरी आपल्यावर नाही आली, देवाची कृपा." दुसऱ्याचे वाईट मोजून मानलेले हे आभार लूक १८ मधल्या, स्वतःला इतरांहून धार्मिक समजणाऱ्या परूश्याच्या प्रार्थनेच्या जातीचे. शिवाय ते टिकत नाहीत. उद्या शेजाऱ्याचे बरे झाले की आभारही संपले.

स्मरण करताना काहीच आठवले नाही तर स्तोत्र ७७ वाचा. पहिली दहा वचने नुसती तळमळ आहे. झोप नाही, बोलवत नाही, 'देव दया करायला विसरला काय?' इथपर्यंत मजल जाते. अकराव्या वचनात स्तोत्रकर्ता म्हणतो, मी परमेश्वराच्या कृत्यांचे स्मरण करीन, आणि तिथून सूर बदलतो. परिस्थिती मात्र त्या स्तोत्रात शेवटपर्यंत बदललेली नाही.

स्तुती : पाच वाक्ये

आभार मानतो ते देवाने जे केले त्याबद्दल. स्तुती करतो ती तो जो आहे त्याची. संकटात हा फरक फार उपयोगी पडतो, कारण एखाद्या दिवशी आभारासाठी हाताला काही लागत नाही, तरी स्तुतीला जागा उरते.

पाच वाक्ये बोला, जास्त नको. प्रत्येक वाक्य 'तू' ने सुरू करा आणि त्याला शास्त्राचा आधार द्या. विशेषणांची माळ ओवू नका. 'परमपवित्र, सर्वसमर्थ, दयासागर, कृपाळू' हे एका दमात म्हणून होते आणि मनाला शिवतही नाही. त्यापेक्षा असे :

"तू भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतोस (स्तोत्र ३४:१८). आज मी तसाच आहे, म्हणजे तू जवळ आहेस. तू झोपत नाहीस (स्तोत्र १२१:४). काल रात्री दोन वाजता मी जागा होतो तेव्हा तूही होतास."

वचन आणि त्याला लागूनच आजची वस्तुस्थिती, असे पाच वेळा. आतून काही वाटले नाही तरी वाक्ये खोटी ठरत नाहीत, कारण ती तुमच्या भावनेविषयी नाहीत, देवाविषयी आहेत. इब्री १३:१५ मध्ये याला स्तुतीचा यज्ञ म्हटले आहे. यज्ञाला काहीतरी द्यावे लागते, तेव्हा ते जड जाणारच.

हबक्कूक ३:१७-१८ हा उतारा नाशिक जिल्ह्यात वाचायचा तर उसने चित्र आणावे लागत नाही. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, मेंढवाडा रिकामा, गोठा रिकामा. तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. निफाड, दिंडोरीकडच्या माणसाला द्राक्षवेलीला फळ नसणे म्हणजे काय ते सांगायला नको. ऑक्टोबरची छाटणी, त्यावर अवकाळी पाऊस, डाऊनी रोग, फवारण्यांचा खर्च, आणि मण्यांत साखर भरत असताना पडलेल्या गारा. संदेष्ट्याने सहा तोटे एकेक करून मोजले आहेत, हे लक्षात घ्या. 'थोडेफार नुकसान झाले' म्हणून तो पुढे सरकत नाही. बागायतदाराने या वचनात स्वतःचा हिशेब घालावा : किती एकर, किती पेट्या गेल्या, सोसायटीचे किती देणे उभे आहे. आणि मगच 'तरी' म्हणावे. अर्थात त्याआधी पंचनामा करून घ्यावा आणि विम्याची सूचना मुदतीत द्यावी. स्तुती करत बसल्याने मुदत थांबत नाही.

आवाज

मनातल्या मनात केलेली स्तुती संकटात लवकर भरकटते. तीन ओळींत विचार पुन्हा हप्त्यावर जातो. म्हणून कुजबुजत का होईना, तोंडाने म्हणा.

गायचे असेल तर नेहमीच्या पट्टीच्या खाली गा. एरवी काळी दोनमध्ये गात असाल तर पांढरी एक घ्या. रडून झालेला गळा वरच्या सुरात चिरकतो आणि माणूस ओशाळून गाणे सोडतो. लय फार संथ करू नका, त्याने गीताचे शोकगीत होते. साधा भजनी ठेका, मांडीवर हाताने धरला तरी पुरे. तीन कडवी बस. मध्येच गळा दाटला तर ते कडवे वाचून काढा आणि धृपदाला परत सुरात या.

गीत ओळखीचे असावे. नवी वर्शिप गीते चांगली असतात, पण शब्द शोधत स्क्रीनकडे बघावे लागले की जीव त्यात राहत नाही. या बाबतीत अभंग-ओवीच्या चालीवरची जुनी मराठी ख्रिस्ती गीते आमच्या मते सरस आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती भजनांना हा देशी साज चढवला. त्यांचे काही शिक्षण नाशिकमध्ये झाले होते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर इथून जवळच्या जलालपूरचे. या चालींत सुरांच्या मोठ्या उड्या नाहीत, ओळी आखूड आहेत, आणि पेटी नसली तरी गाता येतात. 'उपासना संगीत' घरात असेल तर त्यातली तुम्हाला पाठ असलेली चार गीते आत्ताच खूण करून ठेवा. ऐन वेळी अनुक्रमणिका चाळवत नाही.

युट्यूबवर गीत लावून ऐकणे हा आधार आहे, पण ते दुसऱ्याचे गाणे. त्याच्याबरोबर निदान धृपद तरी म्हणा.

कोणत्या वेळी कोणते स्तोत्र

'स्तोत्रसंहिता उघडा आणि येईल ते पान वाचा' हा मार्ग धोक्याचा आहे. दुखावलेल्या माणसासमोर १०९ वे उघडले तर शापांची यादी हाती येते. झोप लागत नसेल तर ३ आणि ४. आजारपणात ६ किंवा ४१. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५. त्यात 'शत्रूने निंदा केली असती तर सोसले असते, पण तू तर माझा मित्र' असेच म्हटले आहे. लबाडांचे भले होताना पाहून जळफळाट होत असेल तर ७३. स्वतःच्या चुकीमुळे ओढवले असेल तर ५१ आणि १३०. म्हातारपणी ७१. मृत्यूनंतर ९०, पण पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा २३ पुरते. खिन्नता दिवसेंदिवस हटत नसेल तर ४२ आणि ४३ एकत्र वाचा. 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' हे पालुपद दोन्हीत मिळून तीनदा येते. तीनदा येते याचा अर्थ पहिल्या दोन वेळी काम झाले नव्हते.

आणि ८८. हे एकच विलापस्तोत्र असे आहे की ज्यात शेवटी उजेड येत नाही, शेवटचा शब्दच अंधाराचा आहे. तरीही ते उपासनेच्या संग्रहात ठेवले गेले. ज्या दिवशी पाच वाक्ये अजिबात निघणार नाहीत त्या दिवशी ८८ मोठ्याने वाचा, आमेन म्हणा आणि उठा. तेवढ्याने त्या दिवसाची उपासना पुरी झाली.

दुसऱ्याच्या घरी स्तुती करायला जाताना

दुःखाच्या घरी जाणाऱ्यांनी नीतिसूत्रे २५:२० वाचून निघावे. खिन्न हृदयाच्या माणसापुढे गीते गाणे हे थंडीच्या दिवसात अंगावरचे वस्त्र काढून घेण्यासारखे आहे, असे तिथे म्हटले आहे. ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली : सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ गप्प बसले. बोलायला लागले आणि बिघडले.

मृत्यू झालेल्या घरी प्रार्थना पाऊण तासात आटपा. दोन गीते, तीही घरच्यांना विचारून, एक स्तोत्र, मिनिटभर शांतता, पाच-सात मिनिटांचा संदेश, प्रार्थना. साक्ष नको. 'आमच्याकडेही असेच झाले होते, पण आम्ही स्तुती केली आणि प्रभूने आमच्या माणसाला वाचवले', हे ज्याचे माणूस गेले त्याच्यासमोर बोलणे म्हणजे त्याच्या तोंडावर मारणे आहे. 'देवाला चांगली फुले आवडतात', 'त्याची मर्जी', 'रडू नका, आनंद करा' ही वाक्येही घरीच ठेवून या. लाजराच्या कबरेपाशी येशू आधी रडला (योहान ११:३५) आणि सहा वचने पुढे त्याने पित्याचे आभार मानले. रडण्याआधी आभार मागू नका. चहा थर्मासमध्ये घरूनच न्या, नाहीतर ज्या बाईचा नवरा गेला तीच आत गॅसपाशी उभी राहते. फ्लॅटमध्ये ढोलकी आणि स्पीकर टाळा. शेजारी बहुधा दुसऱ्या धर्माचे असतात, दुःखात भाकरी घेऊन तेच आधी आलेले असतात, आणि त्यांची सकाळची पाळी सातची असते.

दवाखान्यात दोघांनीच जावे आणि पाच-सात मिनिटांत निघावे. वॉर्डच्या वेळा पाळा, सिस्टरला विचारा आणि मग रुग्णालाच विचारा : "एक स्तोत्र वाचू का?" नको म्हणाला तर नुसते बसा. १२१ मध्ये आठ वचने आहेत, सावकाश वाचले तरी दोन मिनिटांत होते. गायचे तर बाजूच्या खाटेला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात. याकोब ५:१४ प्रमाणे तेल लावायचे असेल तर थेंबभर, परवानगीने, आणि ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या चेहऱ्याजवळ मुळीच नाही. मेणबत्तीही नको.

ज्याला स्वतःला गाता येत नाही त्याने रविवारी उपासनेला जाऊन मागच्या बाकावर गप्प बसावे. पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणले होते (मार्क २) आणि येशूने त्या उचलणाऱ्यांचा विश्वास पाहिला. तुमच्या वाट्याचे गाणे त्या रविवारी मंडळी गाते.

कुठे बिघडते

पहिले दहा-बारा दिवस बहुतेकांचे बरे जातात, मग कोरडेपणा येतो. कारण साधे आहे : सुरुवातीची भेटायला येणाऱ्यांची वर्दळ आणि फोन थांबलेले असतात आणि संकट मात्र तिथेच असते. अशा वेळी पद्धत वाढवू नका, कमी करा. गाऱ्हाण्याच्या दोन ओळी, स्तुतीचे एक वाक्य, एक कडवे.

सकाळी गीत आणि दुपारी पुन्हा काळोख, असे झाले की लोक घाबरतात. यिर्मया २० उघडा. तेराव्या वचनात 'परमेश्वराला गा' आहे आणि चौदाव्यात 'मी जन्मलो तो दिवस शापित असो'. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. येशूचेही पाहा : शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊन तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला (मत्तय २६:३०) आणि त्याच रात्री गेथशेमाने बागेत 'हा प्याला माझ्यापासून टळून जावो' म्हणून पालथा पडला. गीताने पुढची वेदना टळली नाही.

सौदा हा दुसरा बिघाड. "मी चाळीस दिवस स्तुती करतो, तू पोराला नोकरी दे." नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेला जाणारे अनेक भाविक नवस फेडायला जातात, आणि नवसाला शास्त्रात जागा नाही असे मुळीच नाही; संकटात बोललेला नवस फेडण्याची भाषा स्तोत्र ६६ आणि ११६ मध्ये स्पष्ट आहे. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो : नोकरी नाही लागली तर एकेचाळिसाव्या दिवशी मी काय करणार?

तिसरा बिघाड सर्वांत घातक. स्तुतीच्या नावाखाली औषध बंद करणे, मार खाणाऱ्या बाईला 'स्तुती करत सहन कर' म्हणणे, सावकाराच्या धमक्या लपवणे. इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, केमो यांतले काहीही प्रार्थनेमुळे थांबवायचे नाही, कोणत्याही सेवकाने व्यासपीठावरून सांगितले तरी. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातले लक्ष उडाले असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. हे विश्वास कमी पडल्याचे लक्षण नाही. एलीयाला झोप आणि भाकर देणारा देव डॉक्टरच्या चिठ्ठीने नाराज होत नाही.

संकट टळल्यावर

दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा, होता (लूक १७). यहोशाफाटाच्या लोकांना लूट गोळा करायला तीन दिवस लागले आणि चौथ्या दिवशी ते बराखा खोऱ्यात धन्यवाद द्यायला जमले. तसा दिवस तुम्हीही आधीच ठरवून ठेवा : डिस्चार्जनंतरचा किंवा पहिल्या पगारानंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी गाऱ्हाण्याची जुनी पाने तारखांसह वाचा आणि ज्याचे उत्तर मिळाले त्यापुढे खूण करा. ज्याचे नाही मिळाले ती ओळ तशीच सोडा, खोडू नका. मग घरी स्तोत्र ३० वाचा किंवा १०७. १०७ मध्ये वाळवंटात भटकलेले, तुरुंगातले, आजारी आणि समुद्रात सापडलेले अशा चौघांची संकटे आहेत आणि चौघांच्या तोंडी तेच धन्यवादाचे पालुपद आहे.

उपासनेत साक्ष द्यायची असेल तर पाळकांना आदल्या दिवशी सांगा आणि तीन मिनिटांत संपवा. कागदावर चार वाक्ये लिहून घ्या : काय झाले होते, मी काय मागितले, काय झाले, देवाचे नाव धन्यवादित असो. दवाखान्याचे नाव, बिलाची रक्कम, डॉक्टरांची चूक हे गाळा. 'माझ्या विश्वासामुळे' हे शब्दही गाळा. समोरच्या बाकांवर तीच प्रार्थना करून माणूस गमावलेले एखादे घर बसलेले असते. साक्ष संपल्यावर त्यांच्या जवळ जाऊन बसा आणि घरी परतायला रिक्षा लागणार आहे का, ते विचारा.